नसलेल्या दोन घोड्यांचे वजन

२९ फेब्रुवारी १९९६ रोजी गुरुवार होता. कोणतेही जुने कॅलेंडर काढून हे पडताळता येते. त्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता वाहन परवाना कार्यालयाच्या मागच्या अंगणात एक हिरवी जीप उभी होती, जीपला घोडे नेण्याचा ट्रेलर जोडलेला होता, आणि ट्रेलर रिकामा होता. या शेवटच्या बाबीवर पुढे वाद झाला, म्हणून ती आधीच नोंदवून ठेवलेली बरी.

जीपच्या स्टिअरिंगच्या चाकामागे बसलेल्या बाईला तबेल्यात सगळे वहिनी म्हणत. वय त्रेपन्न. अंगात करडा स्वेटर, मांडीवर कागदांची पिशवी, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावर सुईने पडलेला जुना घट्टा. ती मुळात शिवणकाम करणारी. तबेल्यातल्या घोड्यांच्या झुली शिवायला म्हणून ती चोविसाव्या वर्षी तिथे गेली आणि तिथलीच झाली. माणसांचे कपडे तिने फारसे शिवले नाहीत. "माप घेताना माणूस पोट आत ओढतो," ती म्हणे, "घोडा आहे तेवढा उभा राहतो."

मापाला घोडे घेऊन येणारा ट्रेलरवाला पुढे तिचा नवरा झाला. त्याचे टोपणनाव अलगद. मोतद्दारांनी, म्हणजे तबेल्यात घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसांनी, ते ठेवलेले. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते, की त्याने ट्रेलरच्या जमिनीवर काठोकाठ भरलेला कप ठेवून घाट उतरून दाखवला आणि थेंब सांडला नाही. ही गोष्ट तीन जणांकडून तीन तऱ्हांनी ऐकायला मिळते: एकीत चहा आहे, एकीत दूध, आणि तिसरीत कप मुळात अर्धाच होता. तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये. घोडे त्याच्या ट्रेलरमध्ये उभ्या उभ्या झोपत, एवढे मात्र तिघांनाही मान्य आहे.

अठ्ठावीस वर्षे वहिनी त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. मांडीवर झूल, हातात सुई, काचेतून मागे सरकणारी झाडे. गाडी इतकी हळुवार चाले की टाका कधी वाकडा पडला नाही. रस्ता संपला की झुलीची एक कड पूर्ण झालेली असे. अंतर ती मैलांत मोजत नसे, कडांत मोजे. "दीड कड लांब आहे ते गाव," असे ती सहज बोलून जाई आणि मोतद्दार एकमेकांकडे बघून हसत.

मग अलगदला काचबिंदू झाला. नजर कडांकडून जाऊ लागली, वापरातल्या सतरंजीसारखी. आधी आरशातले वाहन दिसेनासे झाले, मग आरसाच. शेवटी समोर बशीएवढे गोल जग उरले, त्यात जे मावेल ते दिसे. डॉक्टरांनी दाखला दिला त्या दिवशी तो स्वतः कार्यालयात गेला, परवाना खिडकीतून आत सरकवला आणि घरी येऊन नेहमीसारखा जेवला. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात जाऊन जीपमध्ये चालकाशेजारच्या सीटवर बसून राहिला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वहिनीने त्याला चहा तिथेच नेऊन दिला.

"अहो, थंडी आहे. आत या."

"इथं बरं वाटतं."

"गाडी बंद आहे."

"माहितीये गं. तरी चालल्यासारखी वाटते."

तबेल्याचे मालक भले माणूस होते, पण घोड्यांना दवाखान्यात आणि शर्यतीच्या मैदानावर न्यावेच लागते. ते म्हणाले, "फेब्रुवारी अखेरपर्यंत थांबतो. तोवर कोणी चालवणारं सापडलं तर ठीक, नाहीतर मला दुसऱ्या गाडीशी बोलावं लागेल." दुसरी गाडी आली की ट्रेलर विकावा लागणार, ट्रेलर गेला की जीपही, आणि जीप गेली की ती सीट. वहिनीने हा हिशेब चहाचा कप धुताधुता केला. दुसऱ्या दिवशी ती कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी होती. तिच्याजवळ साध्या गाडीचा परवाना होता, वीस वर्षांचा, बाजारापलीकडे फारसा न वापरलेला.

खिडकीवरच्या कारकुनाने गळ्याभोवती मफलरचे तीन वेढे घेतले होते आणि तो त्यातूनच बोलत होता.

"ओढायचं काय आहे?"

"घोड्यांचा ट्रेलर."

"वजन?"

"रिकामा आठशे किलो."

"रिकामा कशाला सांगताय? ट्रेलरच्या पुढच्या अंगाला पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर काय आकडा आहे?"

"दोन हजार."

"मग दोन हजार. जीपच्या पट्टीवर?"

"एकवीसशे."

"झाले चार हजार शंभर. साडेतीन हजाराच्या वर गेलं की साधा परवाना चालत नाही, वेगळी परीक्षा द्यावी लागते. बसतंय का लक्षात?"

"पण घोडे आत नसले तर? रिकामा ट्रेलर नेताना?"

"पट्टीवर आहेत ना?"

"पट्टीवर आहेत. आत नाहीत."

"ताई," कारकून म्हणाला आणि त्याने मफलर हनुवटीखाली ओढला, कारण हे वाक्य त्याला स्पष्ट ऐकू जायला हवे होते, "आत काय आहे ते नियम बघत नाही. पट्टीवर जेवढे मावतात तेवढे घोडे कायमचे आत उभे आहेत, असं धरायचं. तुम्ही रिकामा न्या, धुवायला न्या, विकायला न्या. नियमाच्या दृष्टीनं दोन घोडे आहेत."

"म्हणजे कागदी घोडे."

"इथं तेच नाचतात," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याने कागदावर बेरीज केली आणि पेन्सिलीने आकड्यावर टकटक केले. "एक सुचवतो. सहाशे किलो जास्त होतायत. म्हणजे बरोबर एक घोडा. ट्रेलरची पट्टी बदलून घ्या, एका घोड्याची. चौदाशे आणि एकवीसशे, साडेतीन हजार. परीक्षा नको, काही नको. उद्यापासून चालवा."

वहिनी तो कागद घेऊन घरी आली. अलगद सीटवरच होता. तिने चालकाच्या जागी बसून त्याला आकडे वाचून दाखवले.

"एका घोड्याची पट्टी," तो म्हणाला. बराच वेळ त्याने खिडकीच्या काचेवर बोट फिरवले. "एकटं जनावर ट्रेलरमध्ये भिंतीशी बोलतं. पाय आपटतं, घामानं निथळतं. मधल्या फळीपलीकडे दुसऱ्याचा श्वास ऐकू आला की गप्प होतं. तो दुसरा काही करत नाही गं. नुसता असतो."

वहिनीने त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःसमोरच्या चाकाकडे.

"मग मी शिकते," ती म्हणाली.

परीक्षेच्या तारखा भरलेल्या होत्या. कारकुनाने वही उलटीसुलटी केली. "फेब्रुवारीत एकच दिवस मोकळा आहे. एकोणतीस."

"फेब्रुवारीला असतो का एकोणतीस?"

"यंदा आहे. लोक विसरतात, म्हणून मोकळा राहिलाय."

तीन आठवडे मिळाले. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीचे मैदान होते. जागा खासगी, तिथे नियमाचा हात पोचत नव्हता. सकाळी धुके जमिनीलगत पसरलेले असे आणि भट्टीचे धुराडे त्यातून अर्धेच वर दिसे, जणू चित्रात कोणी खालची बाजू काढायची विसरून गेले होते. त्या धुक्यात हिरवी जीप दोन तास पुढे जाई, मागे येई, गोल फिरे. अलगद शेजारी डोळे मिटून बसे. उघडे ठेवून उपयोग नव्हता आणि मिटले की त्याला जास्त कळे.

पुढे नेणे तिला लवकर जमले. मागे घेताना घोडे अडले. ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवावे लागते; जरा जास्त फिरवले की जीप आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात.

"हे कुठलं शास्त्र?" तिने पाचव्यांदा कात्री झाल्यावर विचारले.

"सासरचं. तिथं सरळ बोललेलं उलटंच जातं."

"तुमच्या आईनं मला कधी उलटं घेतलं नाही."

"मी माझ्या सासरचं म्हणतोय."

ती हसली, आणि हसताना हात सैल पडले, आणि सैल हातांनी ट्रेलर पहिल्यांदा सरळ मागे गेला.  

त्याची शिकवण्याची रीत वेगळी होती. दोनच दिवस मोतद्दाराने खरे घोडे आणले, एक अबलख घोडी आणि तिचा सोबती असलेला म्हातारा तांबडा घोडा. बाकीचे दिवस ट्रेलर रिकामाच असे. तरी अलगद मागे काय चालले आहे ते सांगत राही. "आता अबलखनं भार डावीकडे टाकला. थांब. वळण संपलं म्हणून लगेच वेग नाही घ्यायचा. तीन मोज. त्यांचे चारही पाय जमिनीवर आले की मग."

"आत कोणी नाहीये, अहो."

"असती तर टाकला असता."

निघण्यापूर्वी तो ट्रेलरची पुढची लहान झडप उघडून आत हात घालायला सांगे आणि "निघतोय गं" असे म्हणायला लावी, म्हणजे जनावर दचकत नाही. पहिल्या आठवड्यात रिकाम्या ट्रेलरला हे सांगताना वहिनीला लाज वाटे आणि ती आजूबाजूला बघे. दुसऱ्या आठवड्यात ती बघेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात एकदा ती ते म्हणायला विसरली आणि मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन, काहीतरी घरी राहून गेल्यासारखी बेचैन होऊन, गाडी थांबवून खाली उतरली. झडपेतून हात आत घातला. आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार होती. सकाळच्या उन्हात पत्रा तापतो, हे त्याचे पुरेसे कारण आहे. वहिनीने ते कारण शोधले नाही. कापड हातात घेतले की ते केवढ्या घोड्यावर बसेल हे तिला न मोजता कळे. तसेच हे, असे तिला वाटले. मागचे वजन तिच्या पाठीला आता कळू लागले होते. झोपेत कोणी शेजारी कूस बदलावी आणि आपण जागे न होताच थोडे सरकावे, तसे तिचे हात चाकावर सरकत.

एकोणतीस तारखेला परीक्षेचा नियम साधा होता: ट्रेलर रिकामा हवा, जनावर आणायचे नाही. परीक्षक उंच, वाळका, मितभाषी माणूस होता. पेन त्याने सुतळीने कागद लावलेल्या पाटीला बांधले होते. अलगदला अंगणाच्या कडेला बाकावर बसवले होते. वहिनीने जीपमागचा लोखंडी गोळा, साखळी, दिव्यांची वायर तपासली. मग झडप उघडून हात आत घातला.

"निघतोय गं."

"कोणाशी बोलताय?" परीक्षकाने विचारले.

"सवय आहे, साहेब."

त्याने काही लिहिले नाही.

बाजारपेठेच्या पहिल्या वळणावर ती सावकाश वळली, वळण संपल्यावर जवळजवळ उभी राहिली आणि मनात तीन मोजले. मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. पाटीवर पेन खरडल्याचा आवाज आला. दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच: एक, दोन, तीन, हॉर्न, पेन. तिला तो आवाज कळत होता आणि कारणही कळत होते. पुढच्या वळणावर मोजायचे नाही, असे तिने ठरवले. पण पुढे वळण आलेच नाही. रस्ता सरळ कार्यालयाकडे परतला.

शेवटी अंगणात मागे घेणे. दोन ओळींत मांडलेल्या लाल शंकूंमधून ट्रेलर मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा. तिने हात सैल सोडले. ट्रेलर शंकूंमध्ये शिरला तो पाण्यात होडी शिरावी तसा. ऊन पत्र्यावर होते, धूळ उठत नव्हती. अर्ध्या वाटेवर तिच्या पाठीला काहीतरी जाणवले, डावीकडे सरकलेले, आणि तिने ब्रेक दाबला.

अंगण शांत होते. एक. दोन. तीन. मग तिने गाडी पुन्हा मागे घेतली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर नीट उभी केली.

"मध्येच का थांबलात?" परीक्षकाने विचारले.

"तिनं पाय बदलला."

परीक्षकाने पाटी तिच्यापुढे धरली. छापील ओळ होती, ‘विनाकारण थांबणे’, आणि तिच्यापुढे तीन फुल्या. "बाकी सगळं उत्तम आहे, बाई. मागे घेणं तर मी वर्षभरात असं पाहिलं नाही. पण एका ओळीला तीन फुल्या झाल्या की नापास. ट्रेलर रिकामा आहे. तुम्ही कोणासाठी थांबलात?"

वहिनीने बाकाकडे पाहिले. अलगद मान किंचित कलती करून बसला होता. मे महिन्यात पुन्हा तारीख मिळाली असती. मेपर्यंत ट्रेलर राहिला नसता.  मग ती जे बोलली ते झुलीचे माप सांगावे तशा आवाजात.

"साहेब, मी इथं पहिल्यांदा आले तेव्हा मला खिडकीवर सांगितलं, की ट्रेलर रिकामा असला तरी दोन घोडे आत धरायचे. म्हणूनच मला ही परीक्षा द्यावी लागतेय. रिकामा धरला असता तर माझा साधा परवाना पुरला असता."

"बरोबर."

"मग वजन करताना घोडे आत आहेत आणि वळताना नाहीत, असं कसं? आत असतील तर त्यांच्यासाठी थांबायला हवं. नसतील तर मी घरी जाते, परीक्षा नकोच मला."

परीक्षकाने खिशातून नियमांची पुस्तिका काढली. तो उभ्याउभ्या वाचत राहिला, एक पान मागे गेला, परत आला. मग पाटी बगलेत धरून तो उतरला, ट्रेलरच्या मागे गेला, मागची फळी खाली टाकली आणि आत गेला. त्याच्या बुटांचे आवाज आले, चार पावले, मग आले नाहीत. वहिनीने आरशात पाहिले. आरशात नुसती फळी आणि तिच्यावर पडलेले ऊन दिसत होते. बाकावर अलगद हसत होता, पण ते त्याच्या चेहऱ्याचे नेहमीचेही असू शकेल.

परीक्षक बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहीला वाळलेल्या गवताची काडी चिकटली होती. त्याने पाटीवर काही केले, सही केली आणि कागद फाडून तिच्या हातात दिला.

"वळणावर दोन मोजलेत तरी चालतील," तो म्हणाला.

"तीन लागतात, साहेब. अबलख म्हातारी आहे."

"मग तीन मोजा."

तो कागद पुढे घरात जपून ठेवला गेला, झुलीच्या कापडात गुंडाळून. ‘विनाकारण थांबणे’ या ओळीतली ‘विना’ ही दोन अक्षरे सरळ रेघ मारून खोडलेली आहेत. फुल्या तशाच आहेत. ‘कारण थांबणे’ याला व्याकरणात अर्थ नाही, आशय मात्र कळतो. निकालाच्या जागी ‘उत्तीर्ण’ आहे.

घरी जाताना अलगद म्हणाला, "दोघंही नीट उभे होते. ऐकलं मी."

"काहीतरीच तुमचं."

"मग थांबलीस कशाला?"

 वहिनी पुढे अकरा वर्षे घोड्यांची ने-आण करत राहिली. शेजारच्या सीटवर अलगद असे, मांडीवर झूल घेऊन. सुई त्याला चालवता येत नव्हती, तो नुसता कापडाची कड बोटांखालून सरकवी, आणि गाव जवळ आले की सांगे, "आता पाव कड राहिली." बहुतेक वेळा ते बरोबर निघे. अबलख गेली, तांबडा गेला, दुसरे आले. वळणावरचे तीन तसेच राहिले.

त्या कागदावर ‘भार’ असा एक रकाना आहे. परीक्षेच्या नियमाप्रमाणे तिथे शून्य हवे होते. तिथे ‘दोन’ लिहिलेले आहे, त्याच पेनाने, त्याच हस्ताक्षरात. परीक्षकाने तो आकडा पुस्तिका वाचून लिहिला, की सवयीने पट्टीवरच्या घोड्यांचा आकडा उतरवला, की ट्रेलरमधून बाहेर आल्यावर लिहिला, हे समजत नाही. तो आत जवळपास तीन मिनिटे उभा होता, असे वहिनी सांगत असे. घड्याळ कोणी पाहिले नव्हते. आत त्याने काय पाहिले, हे त्याने कोणाला सांगितल्याची नोंद नाही.